झाकणावरचं घमेलं

पाणीखात्याचा चावीवाला आणि रस्तेखात्याचा मुकादम यांची दोस्ती भांडणातून जुळली. नवं डांबर पडलं की रस्त्यातल्या पाण्याच्या चाव्यांवरची लोखंडी झाकणं त्याखाली गडप. मग त्याने पहार घेऊन गुळगुळीत रस्ता फोडायचा आणि मुकादमाने त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. एकदा मुकादमाच्याच घरासमोर अशी जुंपली असताना त्याची बायको चहा घेऊन खाली आली. म्हणाली, "घसे कोरडे पडले असतील, प्या आणि मग भांडा." त्या दिवसापासून ती चावीवाल्याची वहिनी झाली.

तोडगा मुकादमाने काढला. डांबर टाकायच्या आदल्या दिवशी तो निरोप द्यायचा, आणि चावीवाला येऊन प्रत्येक झाकणावर एक फुटकं घमेलं उपडं घालायचा. रोलर घमेल्याला वळसा घालून जायचा, कडा हाताने चोपायच्या, घमेलं उचललं की झाकण मोकळं. वर्षानुवर्षं दोन सरकारी खाती फुटक्या घमेल्यांवर सुरळीत चालली आणि एकाही साहेबाला त्याचा पत्ता नव्हता.

मुकादम निवृत्त झाला आणि वरच्यांना एकोप्याचा साक्षात्कार झाला. समन्वय कक्ष निघाला. पाटी लागली, फीत कापली, गुबगुबीत खुर्च्या आल्या. चावीवाल्याने जुन्या सवयीने नव्या मुकादमाला घमेल्याचं सांगितलं, तर साहेबाने त्याला चारचौघांत झापलं.

"परस्पर बोलायचं नाही. जे काय असेल ते कक्षामार्फत. तुझी दुकानदारी आता बंद!"

ते त्याला फार लागलं. पुढे जुन्या मुकादमाच्या गल्लीत डांबर पडणार असं कळलं, तेव्हा त्याने कक्षात वर्दी दिली आणि हात झटकले. डांबर पडलं त्या दिवशी मात्र तो मुद्दाम गल्लीच्या कोपऱ्यावर उभा राहिला. आगीच्या बंबाला पाणी देणारा नळ तिथेच जमिनीखाली होता. रोलर त्याच्या झाकणावरून आरामात गेला.

जुना मुकादम वरून आपल्या गॅलरीतून ओरडला, "अरे, घमेलं कुठाय?"

"कक्षाला विचारा, दादा!"

"चेष्टा पुरे. उद्या येऊन फोड बाबा."

"फोडतो की. लेखी हुकूम येऊ दे!"

साहेबांची एकदा चांगली फजिती व्हावी, मग येतील नाक घासत, असं त्याच्या मनात होतं. खोटं कशाला बोला, त्या वेळी त्याला मनातून बरंच वाटलं.

हुकूम यायच्या आधी आग लागली. भर दुपारी, मुकादमाच्या घराखालच्या गाद्यांच्या दुकानात. मुकादम औषधं आणायला बाहेर गेला होता. वहिनी वर एकटी, गुडघ्यांनी अधू. बंबवाले वेळेवर आले, त्यांना बोल लावायला जागा नाही. विजेच्या तारा आड येऊन शिडी लागेना, त्या तारा आणखी तिसऱ्याच खात्याच्या. जिन्यातून शिरायचं तर पाण्याचा मारा हवा, आणि टाकी बघता बघता संपली. जवान बूट आपटत डांबरावर नळ शोधू लागले. नकाशात तो होता, रस्त्यावर नव्हता.

चावीवाला पहार घेऊन धावत आला. जागा त्याने क्षणात दाखवली, पण डांबर आता घट्ट बसलं होतं. तो घाव घालत होता आणि वर खिडकीत वहिनी खोकत होती. तो खोकला त्याला सगळ्या गोंगाटातून वेगळा ऐकू येत होता. पाणी सुरू झालं तेव्हा खिडकीत कोणी नव्हतं.

कक्षाची बैठक झाली. सगळ्या खात्यांनी एकमेकांचे आभार मानले.

चावीवाला मुकादमाला भेटायला त्याच्या मुलीकडे गेला. काय बोलायचं ते त्याने वाटभर घोकलं होतं.

"दादा, त्या दिवशी मी हट्टाने..."

मुकादमाने मान हलवून त्याला गप्प केलं. जन्मभर डांबर टाकलेला माणूस, त्याला एकच गोष्ट विचारायची होती.

"थर केवढा होता रे?"

चावीवाल्याने बोटं जुळवून हात आडवा धरला. चार बोटं.

"एवढाच?" मुकादम म्हणाला. त्याने तो हात आपल्या हातात घेतला आणि ती चार बोटं कितीतरी वेळ चाचपत राहिला.