आर्डिथ क्लाइनचा कान

आर्डिथ क्लाइननं साऱ्या जन्मात हार्लनकडून एकच वस्तू वापरायला घेतली होती, आणि एका गुरुवारी रात्रीच्या जेवणानंतर त्यानं ती देणं बंद केलं.

वस्तू म्हणजे अडतीस बोअरचं रिव्हॉल्व्हर. दोन वर्षं दर गुरुवारी क्लबच्या मैदानावर ती ते हार्लनकडून घ्यायची, कागदी निशाण्यावर तीस गोळ्या झाडायची, पुसून परत द्यायची. हार्लन तिचा धाकटा दीर. आमच्या बेकर्स मिल गावच्या क्लबात सतरा वर्षं नेमबाजीत पहिला, आणि ही माहिती तो कुणी विचारायची वाट न बघता देतो. त्या गुरुवारी मात्र आर्डिथनं त्याच्याच रिव्हॉल्व्हरनं त्याच्यापेक्षा चार गुण जास्त काढले. हार्लननं टाळ्या वाजवल्या, क्लबातल्या जेवणात घेवडा आणि हॅमचं सूप दोन वाट्या संपवलं, तोंड पुसलं आणि म्हणाला, "टीममध्ये राहायचं तर आता स्वतःचं घे, आर्डिथ. पुढच्या शनिवारी मला माझी दोन्ही लागतील."

"दोन्ही हातांनी झाडणार आहेस का?"

"एक राखीव असावं लागतं. तुला नाही कळायचं ते. आणि घेताना मला बोलाव. बायका चकाकी बघून भुलतात."

हे बोलताना त्याच्या पोटावर पट्ट्याचं पितळी बक्कल दिव्यासारखं चमकत होतं. बक्कल बशीएवढं आहे.

पुढच्या शनिवारी डोंगरापलीकडच्या स्टोनर्सबर्गशी सामना होता. त्यांच्या भिंतीवर जिल्ह्याची ढाल अकरा वर्षं लटकतेय आणि आमच्या भिंतीवर तिच्यासाठी ठोकलेला खिळा. टीम चौघांची. चौथी जागा आर्डिथची, पण सामन्याचा नियम असा की ज्यानं त्यानं आपल्या नावावरच्या हत्यारानंच झाडायचं. नऊ दिवसांत चांगलं रिव्हॉल्व्हर मिळालं नाही, तर चौथ्या जागेवर हार्लनचा मित्र उभा राहणार होता. तो मित्र झाडताना डोळे मिटतो.

आर्डिथ सहासष्टची आहे. एकतीस वर्षं ती शर्टांच्या कारखान्यात होती. कॉलर शिवायला लागली आणि एकदा मेकॅनिक आजारी पडला म्हणून शेजारणीचं मशीन उघडून बसली, ती निवृत्त होईपर्यंत मशिनंच उघडत राहिली. चौसष्ट मशिनं एकदम धडधडत असायची. आर्डिथ रांगांमधून हात मागे बांधून चालायची आणि मध्येच थांबून म्हणायची, "डोरिन, तुझं टायमिंग सरकतंय." डोरिनला काहीच जाणवलेलं नसायचं. दहा मिनिटांनी टाके सुटायला लागायचे. सुई खाली जाऊन जरा वर आली की त्याच क्षणी शटलच्या टोकानं धागा पकडायला हवा. केसभर उशीर झाला तरी आर्डिथच्या कानाला तो टोचायचा. कारखाना बंद झाला तेव्हा तिला निरोपाचं घड्याळ मिळालं. ते पाच मिनिटं मागे पडायचं. तिनं घरी येऊन पर्स ठेवायच्या आधी ते उघडलं.

तिच्या नवऱ्याचे, लेरॉयचे, कान कायम वाजतात, म्हणून तो मैदानावर येत नाही. गुरुवारी तो काकवीचा केक भाजतो आणि ती आली की गुण विचारतो. त्या रात्री त्यानं विचारलं, "हार्लनला बोलावणार आहेस?"

"तो न बोलावता येईल," आर्डिथ म्हणाली.

तसंच झालं. शुक्रवारी सकाळी ती ओटिस लाउडरमिल्कच्या दुकानात शिरली तेव्हा हार्लन कॉफीचा कप घेऊन काउंटरला टेकलेला होता. ओटिसच्या दुकानाचा अर्धा भाग बंदुकांचा आणि अर्धा मासेमारीचा. फ्रिजमध्ये गळाला लावायची गांडुळं वरच्या फळीवर असतात आणि सँडविचं खालच्या. गावातल्या माणसाची फळी चुकत नाही.

"वापरलेलं हवंय," आर्डिथ म्हणाली. "अडतीसचं, लांब नळीचं. निशाण्यावर झाडायला, बाकी काही नाही."

"मी आधीच काढून ठेवलंय," हार्लन म्हणाला आणि काचेवरच्या एका रिव्हॉल्व्हरकडे बोट केलं. निकेलचा मुलामा, मुठीवर कोरलेला गरुड. "हे बघ. असं हातात आलं की समोरच्या टीमचे हातच थरथरतात."

ओटिसनं ते उचललं, गोळ्यांची चक्री बाजूला काढली, सहाही घरं रिकामी आहेत हे तिला दाखवलं आणि मग पुढे केलं. तेवढ्यात मधूनच हार्लननं ते घेतलं आणि मनगटाला हिसका देऊन चक्री खाडकन बंद केली.

 गांडुळं घ्यायला आलेले दोन म्हातारे वळून बघायला लागले.

"हार्लन," ओटिस सावकाश म्हणाला, "सिनेमात तसं करतात, कारण तिथं ते दुसऱ्याचं असतं. बिजागरी वाकते त्यानं."

"एकदा करून काय होतंय?"

"हे नको," आर्डिथ म्हणाली.

"अगं, हात तरी लाव त्याला."

"तू लावलास ना."

ओटिसनं घाईघाईनं दुसरं काढलं. नळीच्या टोकाचा काळा रंग घासून पांढरा पडलेला. "बँकेच्या रखवालदाराचं. वीस वर्षं कमरेला होतं, झाडलं फारसं नाही. बाहेरून गेलं, आतून नवं."

"घोडा ओढून बघू?"

ओटिसनं खोट्या गोळ्या भरून दिल्या. आर्डिथनं नळी भिंतीकडे धरली, चक्रीवर बोटाचा हलकासा दाब ठेवला आणि डोळे मिटून घोडा अगदी हळू मागे ओढला. चक्रीचं घर नळीसमोर येऊन पक्कं बसायला हवं, आणि घोडा मागे अडकायच्या आत बसायला हवं. आधी एक टक्, मग दुसरा. पहिलं घर बरोबर, दुसरं बरोबर, तिसरंही. चौथ्याला घोडा अडकला आणि चक्री अजून वाटेतच होती.

"चौथं उशिरा येतंय," ती म्हणाली.

ओटिसनं स्वतः करून बघितलं. पुन्हा बघितलं. तिसऱ्यांदा चष्मा लावला. मग किमतीची चिठ्ठी काढून खिशात घातली.

"रखवालदार म्हणाला होता, झाडलंच नाही."

"तो बँकेत दिवसभर काय करायचा ते बँकेला विचार," आर्डिथ म्हणाली.

हार्लननं कप कचऱ्यात टाकला. "शिवणयंत्र घ्यायला आलीस का तू? एक चमकतं म्हणून नको, एक वाजतं म्हणून नको. दाराला अडसर म्हणून लावायला काहीतरी घेऊन ये, मी जातो." आणि गेला. त्याच्या ट्रकचा आवाज वळणापलीकडे गेल्यावर आर्डिथ एवढंच म्हणाली, "त्याचा बेल्ट घसरतोय. पंख्याचा."

ओटिसनं जरा विचार केला आणि मागचा खण उघडला.

"एक आहे. पण खोटं बोलून विकणं मला जमत नाही. ज्यानं दिलं तो म्हणाला, डावीकडे मारतं. सहा वर्षं पडून आहे."

साधं, मंद काळं. मुठीच्या डाव्या लाकडाचा टवका उडालेला, घोड्याच्या नालासारखा. आर्डिथनं डोळे मिटले. सहा घरं, सहा वेळा तेच दोन आवाज, तेवढ्याच अंतरानं. तिनं पुन्हा सहा केली, फक्त ऐकायला बरं वाटलं म्हणून. चाप दाबून धरून चक्री हलवून बघितली, हलेना. चक्री उघडून मागे कागदाचा पांढरा तुकडा धरला आणि नळीतून बघितलं, आतले आटे उन्हातल्या पाण्यासारखे स्वच्छ. मग ती थबकली आणि रिव्हॉल्व्हर कानाशी नेऊन बोटानं ठोकलं. अगदी बारीक भुणभुण. माशी काचेवर बसावी तशी.

तिनं पर्समधून स्क्रूड्रायव्हर काढला. पर्समध्ये रुमाल नसेल, स्क्रूड्रायव्हर असतो. नेम धरायच्या मागच्या खाचेचा स्क्रू पाव आटा फिरवला, पुन्हा ठोकलं. भुणभुण गेली.

"कुणाचं होतं हे?"

"गिऱ्हाइकाचं नाव मी सांगत नाही," ओटिस म्हणाला. पण तो इतका हसत होता की त्यानं सरकारी फॉर्म उलटा पुढे केला. आर्डिथनं तो सुलटा करून भरला, फोनवर तिच्या नावाची चौकशी होईपर्यंत खालच्या फळीवरचं अंड्याचं सँडविच खाल्लं आणि अकरा वाजता स्वतःच्या नावावरचं रिव्हॉल्व्हर घेऊन घरी गेली. पुढच्या बुधवारी दुपारी ती एकटीच मैदानावर गेली, खाच हवी तिथे बसवून आली, आणि कुणाला काही बोलली नाही. गुरुवारी डोकं दुखतंय म्हणून तिनं दांडी मारली. तिचं डोकं कधी दुखत नाही, हे लेरॉय सोडून कुणाच्या लक्षात आलं नाही.

शनिवारी स्टोनर्सबर्गची टीम सारखे कोट घालून आली. आमच्याकडे सारखं असं काही नव्हतं. एका हातानं, पंचवीस यार्डांवर, तीस गोळ्या. आर्डिथ शेवटची उभी राहिली तेव्हा पहिल्या तिघांच्या बेरजेत आम्ही आठ गुणांनी मागे होतो आणि कोटवाल्यांचा शेवटचा माणूस दोनशे त्रेसष्ट काढून मोकळा झाला होता. ढाल हवी तर तिला दोनशे बहात्तर हवे होते. हार्लनचे स्वतःचे दोनशे छप्पन झाले होते, आणि तो वाऱ्याबद्दल बोलत होता. त्या दिवशी पान हलत नव्हतं.

आर्डिथनं कानांवर संरक्षण चढवलं. प्रत्येक गोळीआधी तिचे ओठ जरासे हलत होते. पहिल्या दहांना ब्याण्णव. दुसऱ्या दहांना नव्वद. शेवटच्या दहांत पहिल्या दोन आठावर गेल्या, तेव्हा तिनं हात खाली घेतला, एक मोठा श्वास घेतला, आणि पुन्हा उचलला. कागद जवळ आणून पंचांनी भिंग लावून मोजले. त्र्याण्णव. दोनशे पंचाहत्तर.

ढाल आमच्या खिळ्यावर चढली. अकरा वर्षांत खिळा गंजला होता, तरी धरला.

सूप वाढत असताना हार्लन तिच्या टेबलाशी आला. "बघू तरी, ओटिसनं काय गळ्यात मारलं ते."

आर्डिथनं चक्री उघडली, सहाही घरं रिकामी दाखवली आणि रिव्हॉल्व्हर त्याच्या हातात दिलं. हार्लननं मूठ धरली, आणि त्याचं बोट आपसूक त्या नालासारख्या टवक्यात जाऊन बसलं. त्यानं मूठ उलटून तो टवका बघितला.

"हे डावीकडे मारायचं," तो म्हणाला.

"मारायचं. पाव आटा ढिला होता."

 चक्री हार्लननं दोन्ही हातांनी, झोपलेल्या मुलाच्या खोलीचं दार लावावं तशी बंद केली, ते तिच्यासमोर ठेवलं आणि बाहेर गेला. टीममधल्या एकानं हसायला तोंड उघडलं, पण आर्डिथनं त्याच्याकडे नुसतं बघितलं. तोंड मिटलं.

पाच मिनिटांनी हार्लन ट्रकमधून आपली पेटी घेऊन आला. सतरा वर्षं पहिलं आलेलं रिव्हॉल्व्हर त्यानं बाहेर काढलं, चक्री उघडली, रिकामी असल्याचं दाखवलं आणि तिच्या वाटीशेजारी ठेवलं.

"याचंही बघ जरा, आर्डिथ," तो म्हणाला. "घाई नाही."

आर्डिथनं हात पुसले, नळी रिकाम्या भिंतीकडे वळवली आणि डोळे मिटले. आणि त्या लांबलचक टेबलावर बसलेल्या सगळ्यांनी, कोटवाल्यांसकट, आवाज न करता चमचे खाली ठेवले.