अर्जाचा पन्हा

हमीदनानांनी मला अर्ज लिहून दिला नसता तर मी नोकरीला लागले नसते, माझी मुलगी शाळेत गेली नसती आणि हे चार शब्द लिहायला मी खानदेशात उरलेच नसते. हे आधी सांगून ठेवते, कारण पुढचं सांगताना मी अडखळणार आहे. सहा आठवड्यांपूर्वी धुळ्याच्या कचेरीतला एक शिपाई टपाल घेऊन पाचोऱ्याला आमच्या ऑफिसात आला. चहा पिता पिता म्हणाला, "ताई, तुमचे ते निंबाखालचे नाना गेले बरं का... गेल्या शुक्रवारी." तेवढ्यात साहेबांची घंटा वाजली आणि मी पाण्याचा ग्लास घेऊन आत गेले. 'तुमचे ते' असं तो म्हणाला, तेवढंच कानात राहिलं.

मी मालवणाकडची. शाळा पाचवीत सुटली, कारण पाठच्या भावंडांना सांभाळायला घरात दुसरं कोणी नव्हतं. लग्नानंतर यजमानांच्या नोकरीपायी धुळ्याला आले. ते सरकारी गोदामावर चौकीदार होते. ऐंशी-एक्याऐंशीच्या सुमाराला ते तापाने वारले तेव्हा मुलगी चार वर्षांची होती. भावाचं पत्र आलं, 'आवराआवर करून निघून ये.' पण त्याच्या दोन खोल्यांत आधीच सात माणसं... आणि तिथे गेले असते तर मुलीचीही शाळा माझ्यासारखीच सुटली असती, हे मला स्वच्छ दिसत होतं. शेजारणीने सांगितलं, नवऱ्याच्या जागी बायकोला घेतात, कचेरीच्या आवारात नाना बसतात त्यांच्याकडून अर्ज लिहून घे.

निंबाच्या झाडाखाली पत्र्याची पेटी, तीच त्यांचं टेबल. डोक्याला पांढरी टोपी, चष्म्याच्या मोडक्या काडीला दोरा. घराणं विणकरांचं, वडील मागावर बसणारे. नाना थोडं मदरशात शिकलेले, थोडं मराठी शाळेत, आणि बोलणं निम्मं अहिराणी.

"बठ्ठं सांग, बेटी."

"बठ्ठं म्हणजे?"

"आं! समुद्राकडली दिसस तू. बठ्ठं म्हणजे सगळं."

मी सगळं सांगितलं नाही. शेवटचे तीन महिने यजमान कामावर गेलेच नव्हते, दारूने घरात पडून होते, हे मी गिळलं. नानांनी माझ्या शब्दावर लिहिलं, 'कर्तव्यावर असताना आजारी पडून निधन.' दोन महिन्यांनी अर्ज परत आला. साहेबांनी गोदामाचं हजेरीपुस्तक मागवून पाहिलं होतं. अक्षर नानांचं, ते सगळ्या कचेरीला ठाऊक. साहेबांनी त्यांना व्हरांड्यात बोलावून सगळ्यांदेखत झापलं, "पांढऱ्या दाढीचे झालात आणि खोटे अर्ज लिहिता?" नानांनी तो अर्ज हातात घेतला आणि वळले. मी खांबाआड उभी होते. वाटलं, आता हे मला हाकलणार, आणि ते बरोबरच होईल.

त्यांनी मला पेटीसमोर बसवलं, चहा मागवला आणि विचारलं, "अर्ज हा शब्द कुठला, माहीत शे का?" मी नाही म्हणून मान हलवली. "अरबी. ऐन, रे, ज्वाद... तीन अक्षरांचं मूळ. रुंदी हा त्याचा साधा अर्थ. तुम्ही कापडाचा पन्हा म्हणता ना, आमचे विणकर त्याला अजून अर्जच म्हणतात. मग त्यातून निघालं, समोर रुंद पसरून दाखवणं. दुकानदार गिऱ्हाइकापुढे ठाण उलगडतो, तसं. आणि तिथून हा कागद. तू काय केलं? घडी घातलेलं कापड दिलं. साहेबानं उलगडलं तर मधी भोक! ते तूच दाखवलं असतं, तर भोकासकट घ्यायचं का नाही, याचा त्याने विचार तरी केला असता."

शेजारचा टाइपरायटरवाला हसला. "नाना, अर्ज लिहिताय का पोरीला मौलवी करताय?"

"तू तुझी टकटक कर रे. तुझ्या मशीनमधी अक्षरं शेतस, अर्थ नाही."

मला रडू फुटलं. म्हटलं, साहेबांपुढे जाऊन पदर पसरू का? त्यावर ते एकदम कडक झाले. "पदर भीक मागायला पसरतात. तू कागद पसर." पण कागद पसरायचा म्हणजे गेलेल्या माणसाची दारू सरकारी कागदावर आणायची. माझा हात धजेना, मी नानांवरच रागावले. ते म्हणाले, "त्याची बदनामी नाही लिहीत मी, त्याचं दुखणं लिहितो. दुखण्याला आम्ही आरिजा म्हणतो. तेही याच मुळातलं... माणसाच्या वाटेत जे आडवं येतं ते. तुझ्या धन्याला दारू आडवी आली." आणि त्यांनी तसंच लिहिलं. शेवटी एक ओळ घातली, 'ही गोष्ट मी पहिल्या अर्जात लपवली होती.' आठ महिने लागले. पण त्याच कचेरीत मला शिपायाची जागा मिळाली आणि मुलीचं नाव शाळेत पडलं.

नंतरची दहा-अकरा वर्षं मी रोज त्या निंबाखालून गेले. "कितवीत गेली?" एवढंच ते विचारायचे. कधी गर्दी नसली तर बोलायचे. एतराज म्हणजे हरकत, तीही त्याच मुळाची. "एखाद्याच्या पुढे आडवं होणं. वाईट नाही ते. नुसत्या उभ्या धाग्यांनी कापड होत नाही, बेटी, आडवा लागतोच." मी हसून पुढे जायची, माझं लक्ष हजेरीच्या वेळेवर.

मग आवारात स्कूटरींचा स्टँड करायचं ठरलं आणि अर्ज लिहिणाऱ्यांना उठायला सांगितलं. आयुष्यभर लोकांचे अर्ज लिहिलेल्या माणसाने तेव्हा पहिल्यांदा स्वतःसाठी अर्ज लिहिला. तो साहेबांच्या टेबलावर मीच नेऊन ठेवला. त्यात गुडघ्याचं दुखणं होतं, घरची अडचण होती, आणि आपण इतकी वर्षं विनापरवाना बसलो, हेही होतं. बठ्ठं. नवीन साहेब वाचून हसले. "हा तर स्वतःच लिहून देतोय! काय हो बाई, माणूस कसा आहे? ओळखता?"

त्याच आठवड्यात कचेरीत बोलणं उठलं होतं की बाहेरच्या अर्जवाल्यांशी कुणाचा संबंध दिसला तर चौकशी लागेल. माझ्या डोळ्यांपुढे भावाच्या दोन खोल्या आल्या. मी म्हणाले, "नाही साहेब. येता-जाता दिसतात, तेवढंच."

अर्ज नामंजूर झाला. मी बाहेर आले तर नाना दाराशीच उभे. मध्ये नुसता पडदा. त्यांनी ऐकलं की नाही, मला आजपर्यंत कळलेलं नाही. "कितवीत गेली आता?" त्यांनी विचारलं. "नववीत." "पुढे शिकव," म्हणाले, आणि कठड्याला धरून पायऱ्या उतरले. त्यानंतर ते रस्त्यापलीकडे एका सायकल दुकानाच्या पायरीवर बसायचे. मी मागच्या फाटकाने जायला लागले. पाचोऱ्याची बदली मी मागून घेतली, हे कुणाला सांगितलं नव्हतं.

बातमी कळल्यावर पुढच्या रविवारी मी त्यांच्या घरी गेले. त्यांच्या पत्नीला सगळे खाला, म्हणजे मावशी, म्हणतात. मी कचेरीचं नाव काढताच त्यांनी मला ओळखलं. "तू कचेरीवाली ना? ते म्हणायचे, तिला चांगलं लिहिता येईल, फक्त घाबरते." मग संकोचत म्हणाल्या, घरचा नळ नानांच्या नावावरून आपल्या नावावर करायचाय, नगरपालिकेला अर्ज लिहून देशील? दुसऱ्या कुणासाठी अर्ज मी जन्मात पहिल्यांदा लिहिला. शेजारच्या विधवेच्या घरालाही याच नळाचं पाणी जातं, ते नियमात बसत नाही, तरी तेसुद्धा लिहिलं. खालांनी अंगठा उठवला. अंगठ्याचा अर्ज असला की लिहिणाराचं नाव खाली लागतं. माझं पेन तिथे थांबलं. मी नोकरीतली बाई, उद्या कुणी विचारलं तर... मी जागा कोरी सोडली. खालांना वाचता येत नाही. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

गेल्या आठवड्यात त्यांच्या नातवाने तो कागद टपालाने मला धाडला. नगरपालिकेने परत केलाय, 'लिहिणाराचे नाव नाही' एवढा शेरा मारून. म्हणजे आत्ता नळ बंद झाला असेल, तर खाला आणि ती शेजारीण पाणी कुठून भरत असतील, कोण जाणे. कागद माझ्यासमोर आहे. इथे बसून नाव घालून परत पाठवता येईल, पण तसं मी करणार नाही. नाना, तुमचं देणं मोठं आहे, सगळं कधी फिटेल सांगता येत नाही. पण रजा मिळेल त्या दिवशी मी धुळ्याला येईन, खालांसमोर बसेन, आणि साहेबांनी विचारल्यावर मी तुम्हाला ओळखत नाही म्हणाले होते, हे त्यांना सांगेन. आधी ते सांगेन, मग नाव लिहीन.