लाल शाईच्या सहा वह्या

महिन्यातून एकदा आम्ही इथली, आखातातली, चार-पाच मराठी कुटुंबं कुणाच्या तरी हॉलमध्ये जमतो आणि एकजण आपल्या वाचनाबद्दल बोलतो. त्या शुक्रवारी माझी पाळी होती. विषय मीच निवडलेला: मध्ययुगीन ज्यूंची प्रार्थनाकाव्यं. पेशानं मी गॅस प्लांटमधला इंजिनिअर, पण नको तिथे नाक खुपसायची खोड जुनीच. आई तेव्हा नाशिकहून आली होती. ती सोफ्यावर अगदी समोर बसली.

कवितांपेक्षा त्या टिकल्या कशा, हे सांगण्यातच मी रंगलो. देवाचं नाव लिहिलेला कागद फेकायचा नाही, ही त्यांची रीत. जुन्या कैरोतल्या एका प्रार्थनागृहाच्या खोलीत असे कागद शेकडो वर्षं साठत गेले. प्रार्थना, कवींचे खाडाखोड केलेले खर्डे, आणि त्यांच्याच कोऱ्या पाठीवर कुणीतरी लिहिलेला घरचा निरोप. कवी ओळींच्या पहिल्या अक्षरांत स्वतःचं नाव गुंफायचे, म्हणजे देवाच्या स्तुतीत आपणही कोपऱ्यात उभे. "कागद जीर्ण झाला तर माणसासारखा पुरायचे," मी आवाज लावून म्हणालो. टाळ्या पडल्या. मला मात्र आईकडे बघवेना.

दोन वर्षांपूर्वी अल मन्सूरा भागातलं जुनं घर सोडून इथे लुसैलला राहायला आलो, तेव्हा तिच्या सहा वह्या मी कचऱ्यात टाकल्या होत्या. आधीच्या मुक्कामात तिनं लाल शाईनं रामनाम लिहून त्या भरल्या होत्या. परतताना सामानाचं वजन वाढलं म्हणून माझ्याकडे ठेवल्या. पुढच्या खेपेला नेऊन गोदावरीत सोडायच्या होत्या. शिफ्टिंगच्या दिवशी खोकी संपली, ट्रकवाला खालून "यल्ला, यल्ला" म्हणत घाई करत होता. सगळीकडे एकच तर ओळ आहे, असं म्हणून मी उघडूनही न बघता मोकळा झालो. तिनं फोनवर विचारलं, तेव्हा पलीकडे मुऐदर भागात मित्राच्या व्हिलात ठेवल्यात, असं ठोकून दिलं.

घरी आल्यावर आई खुशीत होती. "छान बोललास रे. आणि तूही त्या लोकांसारखंच केलंस की, माझ्या वह्यांना खोली दिलीस." तिनं पिशवीतून नवी वही काढून माझ्या हातात दिली. "चार पानं राहिलीत. ती झाली की हीपण घेऊ. जाताना सगळ्या एकदम नेते, यंदा बॅगेत जागा ठेवलीय."

मी वही उघडली. रामनामाच्या ओळींशेजारी, समासात, बारीक अक्षरांत काहीबाही लिहिलेलं होतं. 'नातीचा ताप उतरला.' 'आज हा उशिरा आला, न जेवता झोपला.' 'समुद्रावर नेलं, बरं वाटलं.' पुढे वाचवेना. त्या सहा वह्यांतही असंच सगळं असणार. कैरोच्या चिठ्ठ्यांचं कौतुक मी तासभर करून आलो होतो आणि आईच्या हातचं एक पान मी वाचलं नव्हतं. मला स्वतःची शिसारी आली.

"आई, त्या वह्या नाहीत. मी टाकल्या. मित्राकडे कधी ठेवल्याच नव्हत्या."

"कुठे टाकल्यास?"

"कचऱ्यात."

चार शब्द सुनावले असते तर मी सुटलो असतो. तिनं माझ्या हातातून वही घेतली आणि पिशवीत ठेवून दिली. "ही माझ्याजवळच असू दे," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीसारखी लिहायला बसली. चहा ठेवताना मी वाकून पाहिलं. ओळी नेहमीसारख्याच सरळ होत्या. समास कोरा होता.