विषाणूतले विष

श्रीवर्धनच्या आमच्या किनाऱ्यावर त्या उन्हाळ्याच्या तोंडाशी जी दुर्गंधी सुटली, तिला सभ्य विशेषण मला आजही सापडलेले नाही. वखारीतला भुसा सांडावा तसा तपकिरी थर पाण्यावर पसरला, चार दिवसांत हिरवट पडून कुजला आणि ओहोटीला वाळूवर शेंबडासारखा चिकटून राहिला. सकाळच्या फेरफटक्यात माझ्या चपला त्यात रुतल्या. तीनदा धुतल्या तरी वास गेला नाही. तो जेवणाच्या पानापर्यंत माझ्याबरोबर आला.

मी दिवाणी न्यायालयात आयुष्यभर लोकांचे अर्ज तपासले. निवृत्तीनंतर स्वतःचे लिहितो. जवळच्या एका पर्यटक निवासाचे सांडपाणी उघड्या नळाने समुद्रात सोडले जाते, याबद्दल तालुक्याच्या सरकारी कार्यालयाशी माझा पत्रव्यवहार चालू होता. प्रत्येक उत्तरात माझे पत्र ‘संबंधितांकडे’ पाठविलेले असे. हे संबंधित कोण, ते मला कधी कळले नाही.

समुद्रातील सूक्ष्मजीवांचा अभ्यास करणारी माझी पुतणी त्या आठवड्यात घरी आली होती. तिने बाटलीत ते पाणी भरून आणले आणि ओटीवर ठेवले. मी नाकाला धोतराचा सोगा लावला.

“काका, हा भुसा म्हणजे जिवाणू. झाडांसारखे उन्हावर जगतात. आता त्यांच्यात विषाणू शिरलेत, आतून फोडताहेत त्यांना. म्हणून ही घाण.”

“विषाणू? समुद्रात?”

“थेंबाथेंबात असतात. आणि काहींची रीत तर ऐका. जिवाणू मरायला टेकला तरी त्याचं उन्हावर अन्न करायचं काम ते थांबू देत नाहीत. त्यासाठी लागणारा सरंजाम स्वतःच आणतात. आपली पिलावळ तयार होईस्तोवर त्याची चूल पेटती ठेवायची, मग घर फोडून बाहेर पडायचं.”

मला शिसारी आली. घुसखोर मी पुष्कळ पाहिले होते. पण मालकाला ठार मारीत असताना त्याचीच चूल फुंकीत बसणारा घुसखोर कोणत्याही दाव्यात पाहिला नव्हता.

“माशांना, माणसांना यांचं काही होत नाही हं,” ती उठता उठता म्हणाली. हे वाक्य मी स्पष्ट ऐकले होते.

त्याच दुपारी मी पत्र लिहिले. ‘सदर नळामुळे किनारा दूषित झाला असून समुद्राच्या पाण्यात विषाणू आढळून आले आहेत.’ एका वाक्यात दोन बाबी. असे अर्ज मी स्वतः लाल शाईने परत पाठवीत असे. पुतणीचे शेवटचे वाक्य मी घेतले नाही, कारण त्याने पत्राची धार गेली असती. नित्याप्रमाणे खाली ‘प्रत माहितीस्तव’ असे लिहून एक प्रत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावली. कोणी तिचे छायाचित्र घेतले आणि ते फोनवरून गावभर फिरले.

चौथ्या दिवशी आमच्याकडे नेहमी मासे घालणारी कोळीण मागच्या दारी आली. टोपली भरलेली. बांगड्यांचे डोळे पांढरे पडले होते आणि बर्फाचे पाणी पायरीवर ठिबकत होते.

“काका, तो कागद तुमीच लिवलाव ना?”

“मी विषाणू असे लिहिले आहे. विष नव्हे.”

“म्हंजे बारीक विष. बारीक हाय म्हणून कोन खातंय व्हय?”

“बाई, तो रोग पाण्यातल्या जिवाणूंचा. बांगड्याला त्याचे काही नाही.”

“मंग तसा का न्हाय लिवलाव? एवढा लांब कागद, त्यान तेवढीच जागा न्हवती?”

तिने टोपली पायरीवर टेकवली.

“बाया माज्या टोपलीला वळसा घालून जातान. रोज म्हावरा खड्ड्यान पुरतंय मी. भांडण तुमचा नळाशी, आन मार माज्या टोपलीला!”

पत्र मागे घेणे मला नवे होते. शिवाय परिणाम मला ठाऊक होता: माझ्याच सहीने घाण नैसर्गिक ठरली की नळाची तक्रार तिच्याबरोबर बुडणार. तिच्या टोपलीतून पायरीवर ठिबकलेल्या पाण्याचा वास मात्र घरातून जाईना, आणि या वेळी तो समुद्राचा नव्हता, माझ्या वाक्याचा होता. मी शुद्धिपत्र लिहिले. माशांना व माणसांना अपाय नाही, हे वाक्य पहिले घातले; घाण समुद्रातल्याच जिवाणूंची आहे, हे दुसरे; आणि एक प्रत कार्यालयाला धाडून दुसरी फलकावर लावली.

“फलकावर कोन वाचतंय? बाजारान येऊन वाचा,” कोळीण म्हणाली.

मी तिच्या टोपलीशेजारी उभा राहून वाचले. दुसऱ्या वाक्याला मागून एक बाई ओरडली, “काका, आदी तुमी खावा, मंग आमी बगू!” हशा पिकला. मी सगळ्यांदेखत बांगडे घेतले, घरी नेले आणि दुसऱ्या दिवशी जिवंत असल्याचे दाखविण्यासाठी पुन्हा बाजारात गेलो. आठवड्याभरात टोपली रिकामी होऊ लागली.

त्यानंतर कार्यालयाचे उत्तर आले. इतक्या त्वरेने ते कधीच आले नव्हते. ‘आपल्याच शुद्धिपत्रानुसार सदर बाब नैसर्गिक असल्याने प्रकरण निकाली काढण्यात येत आहे.’ नळ वाहत होता. माझ्याच कागदाने त्यांनी हात पुसले होते.

मी ते कोळणीला सांगितले. तिने टोपली खाली ठेवली आणि नळाच्या नावाने जी शिवी हासडली ती इथे लिहिता येत नाही.

“दुसरा अर्ज करा. नुसत्या नळाचा. आन या टायमाला धाडायच्या आदी मला वाचून दाखवा.”

मी वाचून दाखविला. दुसऱ्याच ओळीला तिने हात वर केला.

“थांबा. ह्यो शब्द काय हाय?”