पोळ्याच्या आत पफिन

माळावर फिरून आलं की कपड्यांना कुसळं चिकटलेली असतात. कधी चिकटली, कुठल्या गवताची, काही सांगता येत नाही. घरी येऊन निवांत बसलं की एकेक टोचायला लागतं. आमच्या स्कॉटलंडच्या ट्रिपचे किस्से तसेच आहेत. ट्रिप ठरवताना आम्ही नुसते घाबरलेलो होतो, किस्से गोळा करायला सवड कुणाला होती? पण आता चहाला बसलं की एकेक निघतच राहतो.

आम्ही चौघं. उदगीरच्या चौकात घड्याळं दुरुस्त करणारे रफीकभाई, देवणीजवळ शेती करणारे आणि देवणी गायी सांभाळणारे बालाजी अण्णा, गुरांच्या सरकारी दवाखान्यातली डॉक्टर सुनंदा, आणि मी. मी शाळेत भूगोल शिकवते. दर रविवारी सकाळी गावाबाहेरच्या तलावावर दुर्बिणी घेऊन पक्षी बघत बसायचं, हा आमचा नेम. गावाला आमचं कौतुक कमी आणि काळजी जास्त.

रफीकभाईंची मुलगी शबाना ग्लासगोला नर्स आहे. सहा वर्षांपूर्वी ती निघाली तेव्हा रफीकभाईंनी नको म्हटलं होतं. तरी ती गेली, आणि निघताना हे स्टेशनवर गेले नाहीत. अबोला नव्हता म्हणा. पण फोनवर बापलेक बोलायचे ते फक्त पक्ष्यांवर. ती तिकडचे दाखवायची, हे इकडचे सांगायचे, आणि मग "बरं, ठेव" म्हणायचे.

*

एका रविवारी तलावावरून येऊन आम्ही दुकानात बसलो होतो, तेवढ्यात शबानाचा व्हिडिओ कॉल आला. ती सुट्टीत कुठल्यातरी बेटावर गेली होती. तिनं फोन फिरवला आणि गवतात उभा असलेला एक बुटका पक्षी दाखवला. पोट पांढरं, पाठ काळी, आणि चोच लाल-पिवळी-निळसर. म्हणाली, ह्याला पफिन म्हणतात.

अण्णा फोनच्या इतके जवळ गेले की तिला नुसतं कपाळ दिसत असणार. मग म्हणाले, "पोळ्याला बैलाची शिंगं रंगवावी तशी चोच रंगवली की कुणीतरी."

शबाना हसली आणि सांगू लागली, की हा रंग बारा महिने नसतो. पिलं वाढवायचा हंगाम संपला की चोचीवरचा रंगीत थर गळून पडतो आणि पक्षी समुद्रात निघून जातो. बघायचं तर जुलैच्या आत यायला हवं.

"बरोबर हाय," अण्णा म्हणाले, "पोळा झाला की आपलाबी रंग उतरतोच."

मग ती म्हणाली, "या ना सगळे." असं ती दरवेळी म्हणायची. रफीकभाई दरवेळी करायचे तसं त्यांनी डोळ्याला भिंग लावलं आणि समोरचं घड्याळ उघडलं. उत्तर अण्णांनीच देऊन टाकलं: "येतो की."

ट्रिप ठरली ती अशी. ज्यांना खरं बोलावणं होतं ते रफीकभाई सोडून बाकी तिघं तयार होते!

*

अण्णांच्या घरी बातमी फुटली तेव्हा मी आणि सुनंदा तिथंच होतो. वहिनी ज्वारी पाखडत होत्या. अण्णांनी दोन-तीनदा घसा साफ केला आणि सांगितलं, की असं असं लांब जायचंय, पाखरं बघायला.

वहिनींनी सूप खाली ठेवलं. आम्हाला वाटलं आता भांडण. पण त्या अण्णांशी बोलल्याच नाहीत, आमच्याकडं वळून म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून बघून राहिले मी. जन्मभर गोफण घेऊन पाखरं हाकली. आता तीच पाखरं बघाया ह्यांला विलायतेला जायचंय."

अण्णा खाली मान घालून म्हणाले, "माफी मागून येतो."

वहिनी हसल्या, तेव्हा आम्ही परवानगी मिळाली असं समजलो.

*

रफीकभाई हो म्हणत नव्हते, पण नाहीही म्हणत नव्हते. उलट त्यांचे प्रश्न सुरू झाले. तिकडं जेवण कसलं, थंडी किती. एक दिवस त्यांनी शबानाला विचारलं, की जूनमध्ये तिकडं मावळतीची, मगरिबची नमाज किती वाजता असते.

ती म्हणाली, सूर्य मावळतो सव्वादहाला.

"सकाळच्या?"

"नाही अब्बा, रात्रीच्या."

रफीकभाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करणारा माणूस. मग अगदी मायेनं म्हणाले, "बेटा, कुणी येत असेल तर त्याच्याबरोबर ते घड्याळ पाठवून दे. मी बघतो."

मी तिथल्या तिथं मोसंबं आणि टॉर्च घेऊन त्यांना पृथ्वीचा कललेला आस समजावला. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. म्हणाले, मॅडम, तुमचं बरोबर असेल, पण एकदा घड्याळ बघायला काय हरकत आहे?

*

आम्ही जायचं ठरवलं त्या मोठ्या बेटाचं नाव मल. तिथून छोट्या होडीनं पफिनच्या बेटावर जायचं होतं. नकाशात मी ते नाव कैक वेळा वाचलं होतं, पण ते मराठीत लिहायची वेळ पहिल्यांदा सुनंदावर आली. सरकारी नोकरी, त्यामुळं परदेशी जायचं तर रजेचा अर्ज आधी मंजूर व्हायला हवा. तिनं स्वच्छ अक्षरात लिहिलं, "मल येथे जाण्यासाठी पंधरा दिवसांची रजा मिळावी."

आता गुरांच्या दवाखान्यात मल म्हणजे काय, हे सांगायला नको. जंत झालेत का बघायला रोज शेणाचे नमुने येतात आणि त्याला कागदोपत्री मल तपासणीच म्हणतात.

आठवड्यानं अर्ज परत आला. वर शेरा होता: "मल तपासणी हा आपल्या नित्य कर्तव्याचा भाग असल्याने रजेची आवश्यकता नाही. किती नमुने आणणार ते कळवावे."

सुनंदा तो कागद घेऊन थेट माझ्या शाळेत आली. आम्ही दोघी स्टाफरूममध्ये इतक्या हसलो की शेजारच्या वर्गातला तास थांबला. दुसरा अर्ज तिनं इंग्रजीत केला. लगेच मंजूर!

*

व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला हैदराबादला जावं लागलं. माझे झाले, सुनंदाचे झाले, अजून हो न म्हटलेल्या रफीकभाईंचेही झाले. अण्णांचे उठेनात. काऊंटरवरच्या मुलीनं चारदा प्रयत्न केला, मशीन चारदा नको म्हणालं. तिनं काळजीनं विचारलं, "चाचा, उंगलियों को क्या किया?"

अण्णा म्हणाले, "शेती."

तिला ते कळलं की नाही कोण जाणे. तिनं सांगितलं, अर्धा तास बसा, हात धुवा, शेवटचा प्रयत्न करू. नाहीतर पुन्हा तारीख घ्यावी लागेल. पुन्हा तारीख म्हणजे पफिन गेले.

आम्ही बाकावर बसलो. अण्णा तळहात उलटेसुलटे करून बघत होते. म्हणाले, तुम्ही जा, मी काही एवढा हौशी न्हाई. मला वाटलं, आता रफीकभाईंना हवं ते निमित्त मिळालं. अण्णा नाहीत तर मीही नाही, असं म्हणायला ते मोकळे होते.

रफीकभाई उठले, बाटलीतल्या पाण्यानं रुमाल ओला करून आले आणि अण्णांसमोर उकिडवे बसले. खिशातून भिंग काढून डोळ्याला लावलं. एकेक बोट घेऊन, भेगांमधली काळी माती टोकानं टोकानं पुसत, वीस-पंचवीस मिनिटं ते तिथं बसून होते. अवतीभवतीचे लोक बघत होते. मग थोडीशी व्हॅसलीन चोळली, पुन्हा पुसली. शेवटचं बोट झालं, आणि सवयीनं त्यांनी ते कानाला लावून बघितलं.

म्हणाले, "चाललं."

आणि खरंच चाललं.

*

होडीत बोट लागून मळमळण्याची भीती सगळ्यांनाच होती. आमच्यात समुद्रात गेलेलं कुणी नव्हतं. मी भूगोल शिकवते, पण समुद्र फळ्यावरच काढलेला. म्हणून तलावावरच्या भोई लोकांच्या थर्माकोलच्या तराफ्यावर बसून आम्ही सराव केला. पाच मिनिटांत रफीकभाईंचा चेहरा पांढरा पडला. सुनंदानं पर्समधून गोळी काढून दिली. त्यांनी ती उलटसुलट करून बघितली आणि विचारलं, डॉक्टर, ही माणसांची आहे ना?

"माणसांचीच," सुनंदा म्हणाली. "गुरं असल्या भानगडीत पडत नाहीत."

*

पफिन दिसले का, हे लोक सगळ्यात आधी विचारतात. दिसले. शेकड्यांनी दिसले. कड्यावरच्या गवतात आम्ही नुसते बसून राहिलो, आणि ते समुद्रातून येऊन हातभर अंतरावर उतरायला लागले. आमच्याबरोबरच्या तिथल्या गाईड बाईंनी कारण सांगितलं. मोठे शिकारी पक्षी माणसांना बुजतात, म्हणून माणसं बसलेली दिसली की पफिनना निर्धास्त वाटतं. शबानानं ते अण्णांना समजावलं.

अण्णा जागचे हलले नाहीत. त्यांच्या बुटापाशी एक पफिन चोचीत चांदीच्या तारांसारखे मासे धरून उभा होता. ते हळू आवाजात म्हणाले, "म्हंजे आपण बुजगावणं झालो की." थोड्या वेळानं मला म्हणाले, "पण ह्या बुजगावण्यापाशी पाखरं येऊन राहिलीत, ताई."

त्यांनी फोटो काढला नाही. काढा म्हटलं तर म्हणाले, हात हलवला तर उडंल.

*

पण आमच्या चौघांत जो किस्सा खरा, तो बेटावरचा नाही. त्याच्या चार दिवस आधीचा आहे, ग्लासगोच्या विमानतळावरचा.

सामान घेऊन आम्ही बाहेर आलो. समोर कठड्यापलीकडं घ्यायला आलेल्यांची गर्दी होती. शबाना लांब एका खांबाजवळ उभी होती, निळ्या जाकिटात. फोनवर दिसते त्यापेक्षा बारीक. मी हात हलवला, सुनंदानं हलवला. रफीकभाई मध्येच थांबले. गळ्यातली दुर्बीण त्यांनी डोळ्यांना लावली आणि तिच्याकडं बघायला लागले.

आमच्या मागची माणसं बाजूनं वळसा घालून जायला लागली. अण्णांनी रफीकभाईंची बॅग आपल्या हातात घेतली आणि त्यांच्याशेजारी उभे राहिले.

शबानाही बघत होती. मग ती कठड्याला वळसा घालून आमच्याकडं यायला लागली. आधी चालत, मग भराभर. दुर्बीण तिच्याबरोबर सरकत होती. ती येऊन अगदी समोर उभी राहिली, एका हाताच्या अंतरावर, तरी दुर्बीण खाली आली नाही. काचांखालून त्यांच्या दाढीत पाणी उतरत होतं.

ती म्हणाली, "अब्बा, इत्ते नजदीक से फोकस नहीं होता."

रफीकभाई म्हणाले, "फोकस होरा, बेटा. होरा."