भोंगाबाईंचा घसा

शाळा म्हणजे पूर्वीचं कापसाचं गोदाम. नगरपालिकेनं ते भाड्यानं घेतलं तेव्हा वर्षभराची सोय म्हणून घेतलं होतं, आणि ते वर्ष काही केल्या संपत नव्हतं. एकच लांबलचक दालन, वर पत्रा, खाली चार वर्ग. वर्गांच्या मध्ये भिंती नव्हत्या, लाकडी फळ्यांचे आडोसे होते, तेही जेमतेम डोक्याएवढे. त्यामुळे डावीकडे पाढे, उजवीकडे छडी खाणाऱ्याचं रडणं आणि पलीकडे कवायतीचे आकडे, असं सगळं एकाच वेळी कानावर आदळायचं.

या गलक्यात तिसरीच्या बाई उभं आयुष्य शिकवत आल्या होत्या. आवाज असा खणखणीत, की पोरांनी त्यांचं नाव भोंगाबाई ठेवलं होतं. बाईंना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आतून थोडं आवडतही होतं. लग्न झालं नव्हतं. थोरल्या भावाच्या घरी, मागच्या खोलीत त्या राहायच्या. घरातही तीच तऱ्हा. "आत्या, जरा हळू! शेजारचे ओ देतात," असं भाचरं म्हणायची आणि सगळे हसायचे.

मग एका हिवाळ्यात घसा बसला. बसला तो उठेचना. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या झाल्या, वाफारे झाले, वहिनींनी कुणी सांगेल तो काढा करून दिला. शेवटी बाई नगरपालिकेच्या दवाखान्यात गेल्या. डॉक्टरनं घशात बारका आरसा घालून पाहिलं आणि हात धुता धुता म्हणाला, "आत गाठी आल्यात. बोलणं बंद ठेवा."

"किती दिवस?"

"दिवस कसले? सहा महिने तरी. आणि ओरडणं तर कायमचं सोडा. नाहीतर आहे तेवढाही आवाज जाईल."

बाई तिथून थेट हेडमास्तरांकडे गेल्या. हेडमास्तर माणूस वाईट नव्हता, पण वरच्यांपुढे मान खाली घालून घालून त्याची मान तशीच राहिली होती.

"आडोशाच्या जागी भिंत घालून मिळाली तर?" बाईंनी बसक्या आवाजात विचारलं.

"मालक म्हणतो, शाळा तुमची, भिंत तुम्ही घाला. नगरपालिका म्हणते, जागा मालकाची, भिंत त्यानं घालावी. आता मी माझ्या हातांनी विटा रचू का, बाई?" मग जरा खालच्या सुरात तो म्हणाला, "रजा घ्या. पण एवढी मोठी रजा बिनपगारीच होईल, आणि परत याल तेव्हा वर्ग तुमचा असेल असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही."

बाईंनी रजा घेतली नाही. त्या पुटपुटत शिकवू लागल्या. पहिल्या रांगेला ऐकू जायचं, मागच्यांना फक्त ओठ हलताना दिसायचे. आठवड्याभरात मागची पोरं कागदाचे बाण सोडायला लागली.

पहिल्या रांगेत एक मुलगी होती. तिची आई लोकांचे कपडे इस्त्री करायची. पोरीचा आवाज इतका चिरका, की घरी तिला टिटवीच म्हणत. एकदा बाई तोंड हलवून हलवून थकल्या आणि फळ्याला टेकून उभ्या राहिल्या, तेव्हा टिटवी आपणहून उठली, मागे वळली आणि ओरडली, "ए, बाई म्हणतायत पान उघडा!"

सगळ्यांनी पान उघडलं.

तिथून ती रीतच पडली. बाई टिटवीच्या कानाशी बोलायच्या, टिटवी वर्गाला सांगायची. कविता, गणित, दटावणी, सगळं. पोरगी हुशार होती. बाईंचा हेल, कुठे थांबायचं, कुठे डोळे वटारायचे, सगळं तिनं उचललं. वर्ग पुन्हा मार्गी लागला. हेडमास्तर आडोशावरून डोकावून जायचा आणि काही न पाहिल्यासारखं करायचा. बाईंना वाटलं, निभलं. घरी परतताना त्या कित्येक दिवसांनी सरळ मानेनं चालू लागल्या.

परीक्षा तोंडावर आल्या तसा शेजारच्या वर्गांचा कालवा वाढला. टिटवीही चढ्या आवाजात सांगू लागली. तिचं बोलणं मधूनच तुटायचं. ती खाकरायची, पाणी प्यायची, पुन्हा सुरू व्हायची. बाईंच्या ते लक्षात आलं नाही, असं नव्हतं. "एवढ्या परीक्षा होऊ देत," असं त्या मनाशी म्हणाल्या.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात टिटवी आलीच नाही. तिची आई आली. बोटांवर भाजल्याचे जुने डाग, पदर खोचलेला. ती दारातच उभी राहिली.

"बाई, माझ्या पोरीचा आवाज गेलाय."

बाईंनी तिला बाहेर ओट्यावर नेलं.

"सकाळपासनं तोंड उघडते, नुसती हवा येते. डॉक्टर विचारतो, पोरगी कुठे बाजारात माल विकायला बसते का? मी म्हटलं, नाही हो, शाळेत जाते." तिनं डोळे पुसले नाहीत. "तुमचं काय घेतलं होतं हो माझ्या लेकरानं?"

बाईंनी बोलायचा प्रयत्न केला. घशातून खरखर निघाली. त्यांनी हात जोडले, पण टिटवीच्या आईनं ते पाहिले न पाहिल्यासारखे केले आणि ती पायऱ्या उतरून गेली.

त्याच दुपारी बाई हेडमास्तरांसमोर उभ्या राहिल्या आणि एवढंच म्हणाल्या, "मला वर्गावरून काढा." त्यानं एका शब्दानंही अडवलं नाही. जणू इतके दिवस तो त्याचीच वाट पाहत होता.

टिटवी उन्हाळ्यानंतर परत आली. आवाज आला होता, पण फाटका, म्हाताऱ्या बाईसारखा. कविता म्हणायला तिला कुणी उभं करत नसे. बाईंना पाहिलं की ती हसायची आणि बाईच मान वळवायच्या. पुढे तिच्या आईनं तिला इस्त्रीच्या कामाला लावलं.

बाईंना दालनाच्या टोकाची कोठी दिली. खडू, नकाशे सांभाळणं, फाटलेली पुस्तकं शिवणं. पगार उतरला आणि घरातली जागाही. वहिनी वाईट बोलत नव्हत्या, पण भाचरं आता काही विचारायला आली की उत्तराची वाट न पाहताच निघून जायची.

तिसरीवर नवीन बाई आल्या, नुकतंच ट्रेनिंग संपवलेल्या, उत्साही. पावसाळा संपता संपता त्यांनी गळ्याला मफलर गुंडाळलेला दिसू लागला. एकदा त्या खडू न्यायला कोठीच्या दाराशी आल्या. पलीकडे चारही वर्ग एकदम पाढे म्हणत होते, पत्रा थरथरत होता.

बाई उठून त्यांच्याजवळ गेल्या, त्यांचा दंड धरला आणि म्हणाल्या, "ओरडू नका. आत्ताच थांबा. माझं ऐका."

"काय?" नव्या बाईंनी कानामागे हात धरला. "काय म्हणालात?"

बाईंनी पुन्हा सांगितलं. ओठ हलले, मान हलली.

"हो हो, दोन पुडे द्या," नव्या बाई ओरडून म्हणाल्या. "एकात भागत नाही!"

बाईंनी त्यांचा दंड सोडला. मग वळल्या आणि फळीवरून खडूचे दोन पुडे काढून त्यांच्या हातात दिले.