लेझरखालचा दात आणि मालतीबाई

डॉ. मालतीबाईंची आणि माझी पहिली भेट पेणच्या रामवाडीतल्या त्यांच्या दवाखान्यात झाली. दंतवैद्यकाची पदवी घेऊन मी नुकतीच बाहेर पडले होते आणि त्यांच्या हाताखाली काम शिकायला आले होते. बाई भिंगाखाली एक काढलेला दात न्याहाळत होत्या. माझे नाव विचारण्याआधीच म्हणाल्या, "बघ, काय दिसतं?"

मला काळा डाग दिसला. त्यांनी त्याभोवतीच्या बारीक भेगा दाखवल्या. दवाखान्यात कीड काढण्याचे लेझरचे यंत्र नवीन आले होते. रुग्णाच्या तोंडात वापरण्यापूर्वी बाई कित्येक महिने ते काढलेल्या दातांवरच चालवून पाहत होत्या. पाण्याचा फवारा पुरेसा असला की दाताचा पृष्ठभाग स्वच्छ, किंचित खरखरीत होतो आणि भरण त्याला घट्ट धरते. पाणी कमी पडले की तो करपतो, तडकतो, आतल्या नसेलाही धग पोचते. हे त्यांनी एकेक दात हातात देऊन मला शिकवले. मला मात्र ते सारे फार संथ वाटे. दोन वर्षांनी मी रोह्याला स्वतःचा दवाखाना थाटला आणि दारावर 'लेझर उपचार' अशी पाटी लावली.

तिथे हिराबाई आल्या. सारा जन्म धरमतर खाडीकडच्या मिठागरांत राबलेल्या, आता रोह्याजवळच्या वरसे गावी लेकीकडे राहणाऱ्या. कीड साफ करताना त्यांनी हात वर केला. "डाक्टरबाय, गरम लागतंय."

"जरा सोसा," मी म्हणाले. बाहेर रुग्ण खोळंबले होते. काम संपल्यावर पाहिले, तर फवाऱ्याची नळी चोंदलेली आणि दात करपलेला. मी त्यावर भरण केले आणि काही बोलले नाही.

ठणका थांबेना, तेव्हा हिराबाई पेणला बाईंकडे गेल्या. बाईंनी मला बोलावून घेतले. रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "काय झालं ते तूच सांग त्यांना."

मी सांगितले. हिराबाई माझ्याकडे वळल्या. "मी तवाच म्हनलं व्हतं. आन् आठ दिस मी समजतेय, माझाच दात वायट."

नस मेली होती. बाईंनी स्वतः उपचार करून दात राखला. मला शेजारी उभे करून मदतीला घेतले. पण त्यानंतर शरमेने मी पेणची वाटच टाळली. तासाभराचे अंतर, आणि वर्षे गेली. बाईंचे फोन येत. मी कामाचे निमित्त सांगे. त्यांच्याजवळ बसून शिकता आले असते ती वर्षे मीच घालवली. ही खंत बाईंच्या या गौरवाच्या लेखातही लपवावीशी वाटत नाही.

गेल्या वर्षी हात थरथरू लागल्याचे जाणवताच बाईंनी त्याच आठवड्यात दवाखाना बंद केला. मग रोह्याकडचे त्यांचे रुग्ण माझ्याकडे येऊ लागले. एका आजोबांना मी विचारले, "बाईंनी काय सांगून पाठवलं?"

"म्हनल्या, तिच्या हातून एकदा चूक झालीय, नि ती तिनं तोंडावर कबूल केलीय. बिनघोर जा."

दुसऱ्याच दिवशी मी पेणला जाऊन बाईंच्या पाया पडले. "उशीर केलास," त्या म्हणाल्या. "बस."

पंचाहत्तरी पूर्ण करणाऱ्या बाईंना निरामय दीर्घायुष्य लाभो, त्यांची नजर अशीच तीक्ष्ण राहो, आणि त्यांच्यापाशी बसायला मला अजून पुष्कळ वर्षे मिळोत.